ठाणे-वाशी लोकलमध्ये बायबलवाचन: टिकेल असं वेळापत्रक

बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून, सुरुवात केली की बहुतेकांची गाडी तिसऱ्या पुस्तकात, लेवीयमध्ये अडकते. होमबलींचे नियम वाचता वाचता सवयच सुटते. त्यापेक्षा मार्क घ्या, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं मार्कचं शुभवर्तमान. 16 अध्याय, रोज एक. फक्त 14वा 72 वचनांचा आहे, तो दोन दिवसांत वाचा.

ठाण्याहून गाडी सुटली की वाचायला लागा, रबाळ्यापर्यंत अध्याय होतो. घणसोली ते तुर्भे मोबाइल खिशात आणि डोक्यात एकच प्रश्न: आज यातलं काय करायचं? उत्तर वहीत एका ओळीत लिहा. ‘प्रेमाने वागेन’ हे मोघम, तपासता येत नाही. ‘सासूबाईंना उलट बोलणार नाही’ हे तपासता येतं.

रात्री वही उघडा. ओळ पाळली नसेल तर देवाजवळ कबूल करा, आणि ज्याला दुखावलं त्याचीही माफी मागा. नुसती प्रार्थना करून मोकळं व्हायचं, इथेच घसरायला होतं.

मार्कनंतर बायबलमधलंच याकोबाचं पत्र. त्याचा 3रा अध्याय जिभेबद्दल आहे. तोच आठवडाभर वाचा. (व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिणंही त्यात आलंच.) एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय उरकू नका.