केरॅटोमीटरवर दोघांचं रीडिंग वेगळं येत होतं: माझा अनुभव
बडोद्यात डोळ्यांच्या दवाखान्यात टेक्निशियन आहे. केरॅटोमीटर म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची गोलाई मोजणारं यंत्र. आमच्या हाताने जुळवायच्या केरॅटोमीटरवर एकाच डोळ्याचं माझं रीडिंग ४४.०० डायॉप्टर (ताकदीचं माप, चष्म्याच्या नंबरासारखं), तर सहकाऱ्याचं ४४.५०. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवायच्या भिंगाचा नंबर यावर निघतो. इथे अर्धा डायॉप्टर चुकला, की जवळपास तेवढाच नंबर नंतर चष्म्यात येतो.

पेशंटला डोळे मिचकवायला लावले, हनुवटी नीट टेकवली, आरसा पुसला. फरक तसाच. दांडिया बाजारातल्या एका आजींना तीनदा बसवल्यावर मलाच लाज वाटली.

दोष आयपीसचा, म्हणजे आपण डोळा लावून बघतो त्या भिंगाचा, निघाला. तो ज्याचा त्याने जुळवायचा असतो, आणि आम्ही कुणीच हात लावत नव्हतो.

आधी दिवा लावून पेशंटच्या जागी पांढरा कागद धरा. आयपीस डावीकडे पूर्ण फिरवा, आतली काळी फुली पुसट होईल. मग सावकाश उजवीकडे. फुली स्पष्ट झाली की तिथेच थांबा. पुढे गेलात तर तुमचाच डोळा जोर लावून चुकीचा फोकस धरतो. तीनदा करून आयपीसवरचा आकडा लिहून ठेवा. मग गोलाई आधीच माहीत असलेल्या स्टीलच्या गोळीवर तपासा आणि नंतरच पेशंट घ्या. मोजताना यंत्रात दिसणाऱ्या वर्तुळांपैकी उजवीकडचं खालचं वर्तुळ दुहेरी दिसू देऊ नका.

आता यंत्रावर पट्टी चिकटवली आहे: माझा आकडा, त्याचा आकडा.