शाळेचा जुना ग्रुप फोटो: आधी नंबर टाका, मग नावं विचारा

जुना वर्गाचा फोटो सापडला की आपण सगळे एकच करतो, मोबाईलने फोटोचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर ढकलून द्यायचा, "ओळखा पाहू!" मग मेसेजचा पाऊस, "तो मागचा चष्मेवाला", "तो नाही गं, त्याच्या बाजूचा", आणि दोन दिवसांनी कोण कुणाबद्दल बोलत होतं तेच कळत नाही. आईच्या चौथीच्या फोटोचं मी अगदी हेच करून बसले होते, म्हणून सांगते.

आधी फोटो उलटा करून बघा. मागे पेन्सिलीने काही लिहिलंय का, स्टुडिओचा शिक्का आहे का. पुढच्या रांगेत पाटी ठेवलेली असेल तर इयत्ता आणि साल तिथेच मिळतं. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही, चित्राचा थर काचेवरच राहतो, तसाच काचेसकट स्कॅन करा. स्कॅन 600 डीपीआयला (म्हणजे एका इंचात 600 ठिपके), कारण 300 ला फोटो छापायला बरा निघतो पण चाळीसेक मुलांत एकेक चेहरा नखाएवढा असतो, झूम केलं की नुसते ठिपके. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल फोटोला समांतर धरून काढा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळी मेहनत कॉम्प्रेस होऊन जाते.

आणि ते चेहरा स्पष्ट करून देणारे ॲप नको. धूसर जागी ते अंदाजाने डोळे-नाक भरतं, फोटो झकास दिसतो पण तो चेहरा त्या मुलाचा राहत नाही.

आता नंबर. मूळ स्कॅनला हात न लावता कॉपीवर, मागच्या रांगेला क, तिच्या पुढच्या रांगेला ख, मग ग, आणि प्रत्येक रांगेत डावीकडून 1, 2, 3. डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे फोटोवरच लिहून टाका, यावरून फार घोळ होतात. रांगवार नंबर अशासाठी की मागे अर्धा लपलेला एखादा चेहरा नंतर दिसला तर तेवढीच रांग बदलावी लागते. फोटो आरशातल्यासारखा उलटा तर छापलेला नाही ना तेही बघा, निगेटिव्ह पालथी पडली की तसं होतं. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली की कळतंच, पाटी नसेल तर शर्टाचे खिसे बघा, बहुतेक सगळ्यांचे त्यांच्या स्वतःच्या उजव्या छातीवर (म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे) असतील तर काहीतरी गडबड आहे.

विचारायला सुरुवात करताना सगळ्यांना एकत्र विचारू नका! मी नावं लिहिलेला फोटोच फिरवला होता, एका मावशींनी ग-7 ला एक नाव दिलेलं, पुढच्या चौघींनी "हो हो, तीच" म्हटलं, मला वाटलं पाच जणींनी सांगितलंय म्हणजे पक्कं. मग खुद्द ती बाई सापडली, तर ती निघाली ख-2. चौघींनी ओळखलं नव्हतंच, फक्त मान डोलावली होती. त्यामुळे प्रत्येकाला नंबरवाला कोरा फोटो द्यायचा, उत्तरं वेगवेगळी घ्यायची आणि मग जुळवायची. एकमेकांशी न बोलता दोघांनी तेच नाव दिलं तर मी 'पक्कं' लिहिते, एकानेच दिलं तर 'बहुतेक', दोन नावं आली तर दोन्ही ठेवते, कुणी दिलं त्याच्यासकट. स्वतःला ओळखणाऱ्यालाही आंधळेपणाने मानू नका, भावंडं आणि जुळे असले की लोक स्वतःलासुद्धा चुकतात.

"हा कोण?" असं थेट विचारलं की माणूस अडतो. "तुमच्या बाकावर कोण बसायचं", "वर्गात सगळ्यात उंच कोण", "शाळेत बरोबर कोण जायचं" असं विचारलं की नावं आपोआप येतात, आणि मैत्रिणी फोटोत बऱ्याचदा शेजारीच उभ्या असतात. टोपणनावं आली तर तीही लिहा. मुलींचं माहेरचं नाव आधी, आत्ताचं नंतर, कारण वर्गातल्यांना माहेरचंच माहीत असतं. शिक्षकांपासून सुरुवात केली तर सोपं जातं, त्यांना आधीच्या-नंतरच्या बॅचची मुलंही ओळखतात, आणि ते शाळेत कधीपासून कधीपर्यंत होते ते कळलं की फोटोचं सालही आवळत येतं. त्या दिवशी गैरहजर कोण होतं हेही विचारा, नाहीतर लोक आपल्या आठवणीतला मित्र फोटोत कुठेतरी बसवून टाकतात.

नंबर, नाव, कुणी सांगितलं, किती खात्री, एवढे चार कॉलम पुरतात. फोन नंबर त्या यादीत नकोत, वेगळे ठेवा. यादी सगळीकडे पाठवण्याआधी सापडलेल्यांना विचारून घ्या, कुणी नको म्हटलं तर नाव वगळा, कारण विचारत बसू नका.

नावं फोटोच्या मागे पेनाने लिहू नका, शाई पुढे उमटते. वेगळ्या कागदावर लिहून फोटोसोबत ठेवा, आणि ज्यांनी मदत केली त्या प्रत्येकाला प्रिंट काढून द्या, रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवून. आमचं क-4 तसंच सुटलं, प्रिंट बघून एका काकांच्या मोठ्या बहिणीने विचारलं, "अरे, याला कसे विसरलात?"