आपला ख्रिस्ती विश्वास मोकळेपणाने सांगण्याची भीती कशी घालवावी

घरच्या प्रार्थनेत मोठ्या आवाजात गीत गाणारा माणूस कचेरीत डबा उघडताना डोळे मिटायलाही कचरतो, हा अनुभव मराठी ख्रिस्ती कुटुंबांना नवा नाही. या भीतीला एकच औषध नाही, कारण ती एकाच प्रकारची नसते. म्हणून आपण नेमके कोणासमोर गप्प होतो आणि बोललो तर काय होईल असे आपल्याला वाटते, हे आधी कागदावर लिहून पाहावे. कोणाला ‘हा धर्मांतर करायला आला आहे’ असा संशय घेतला जाण्याची धास्ती असते, कोणाला प्रश्नांची उत्तरे येणार नाहीत याची, तर कोणाला आपल्याच माणसांचे मन दुखावण्याची. आपले वागणे पाहून लोक हसतील ही भीतीही असते. ती बहुधा खरी असते, आणि तिच्यावरचा उपाय बोलण्यात नसून वागण्यात आहे.

भीती वाटणे म्हणजे विश्वास नसणे, असे मात्र समजू नये. प्रमुख याजकाच्या वाड्यात एका दासीसमोर येशूला नाकारणारा पेत्र काही आठवड्यांनी यहुदी न्यायसभेपुढे निर्भयपणे बोलला. तेथून सुटून आल्यावर मंडळीने पुन्हा धैर्यासाठीच प्रार्थना केली, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. म्हणजे धैर्य एकदा मिळाले आणि कायमचे पुरले, असे त्यांनाही वाटत नव्हते. करिंथ येथे आपण भीत व कापत आलो होतो, असे पौलानेही लिहून ठेवले आहे. तेव्हा मंडळीतील दोन-तीन विश्वासू माणसांना आपली अडचण स्पष्ट शब्दांत सांगावी आणि त्या विशिष्ट प्रसंगासाठी प्रार्थना करण्याची विनंती करावी. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढे मोघम सांगून भागत नाही.

यानंतरचा टप्पा सांगण्याचा नसून न लपवण्याचा आहे, आणि माझ्या मते निम्मी भीती येथेच संपते. सोमवारी कोणी ‘काल काय केलंत?’ असे विचारले, तर ‘घरीच होतो’ म्हणण्याऐवजी ‘सकाळी उपासनेला गेलो होतो’ असे सहज सांगावे. नाताळात शेजाऱ्यांकडे फराळ आणि केक पाठवताना आपण हा सण कशासाठी पाळतो, हेही एका वाक्यात सांगावे. लोक आपणहून बरेच विचारतात: ‘तुमच्यात कुंकू लावत नाहीत का?’, ‘प्रसाद दिला तर चालतो का?’, ‘तुम्ही मूळचे कोण?’ यांची उत्तरे आधीच विचार करून ठेवावीत. प्रसादाच्या बाबतीत ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही. म्हणून आपण जे करतो त्याचे कारण सौम्यपणे आणि ‘माझी समजूत अशी आहे’ या भाषेत सांगावे. मूळचे कोण, या प्रश्नामागे पुष्कळदा जातीची चौकशी असते. त्याचे उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर नाही, पण चिडण्याचेही कारण नाही.

मग आपली साक्ष तयार करावी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील दृष्टी मिळालेल्या माणसाला परूश्यांच्या, म्हणजे यहुदी धर्मपुढाऱ्यांच्या, वादाचा निकाल लावता येत नव्हता. आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढे त्याला ठाऊक होते आणि तेवढेच त्याने सांगितले. आपणही दोन-तीन मिनिटांत सांगता येईल इतकेच लिहावे: पूर्वी काय होते, काय घडले, आता काय वेगळे आहे. ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘प्रभूने ओझे दिले’ हे मंडळीत रुळलेले शब्द बाहेरच्या माणसाला कळत नाहीत, म्हणून ते गाळून रोजच्या मराठीत लिहावे आणि घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. फुगवून काही सांगू नये. जी प्रार्थना अजून ऐकली गेलेली नाही तिचाही उल्लेख केला, तर ऐकणाऱ्याचा आपल्यावरचा विश्वास वाढतो. जन्मापासून ख्रिस्ती असलेल्यांना ‘माझ्याकडे साक्षच नाही’ असे वाटते. त्यांनी आईवडिलांचा विश्वास आपला स्वतःचा केव्हा आणि कसा झाला, ते सांगावे.

उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणावे आणि खरोखरच पुन्हा येऊन सांगावे. ‘हा परकीयांचा धर्म’ या आक्षेपासाठी मात्र थोडा इतिहास माहीत असावा. ‘ज्ञानोदय’ हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली सुरू झाले, मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी १८५७ साली प्रसिद्ध केली, आणि पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ही माहिती समोरच्याला गप्प करण्यासाठी वापरू नये. संभाषण चालू राहावे इतपतच ती पुरे.

सर्वांत अवघड प्रसंग घरचा. ज्याने स्वतः नवा विश्वास स्वीकारला आहे त्याला तर तो टाळता येत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर दुःखाचा डोंगर कोसळला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी आपले सोवळेओवळे आणि वेगळा स्वयंपाक त्यांनी चालू ठेवला. टिळकांनी ते चालू दिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, त्यांच्या स्वतःच्या विचाराने. आज घरच्यांशी बोलताना निर्णय आधी पत्राने किंवा फोनवर न कळवता शक्यतो समोर बसून सांगावा, आईवडिलांच्या श्रद्धेला नावे ठेवू नयेत, आणि त्यांचा राग ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. पहिल्याच दिवशी सर्व काही पटवून देण्याची घाई बहुतेक घरांत नाते तोडते. म्हाताऱ्या आईचे औषधपाणी पूर्वीपेक्षा अधिक काळजीने पाहणारा मुलगा तिला जे सांगतो, ते वादात जिंकून सांगता येत नाही.

कायद्याची माहिती नसल्यामुळेही पुष्कळ भीती वाटते. संविधानाच्या अनुच्छेद २५ प्रमाणे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून, प्रत्येकाला धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. मात्र या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले आहे. काही राज्यांत बळजबरी, फसवणूक व आमिष यांविरुद्ध स्वतंत्र कायदे आहेत. आपल्या राज्यातील सध्याच्या तरतुदी वकिलाकडून समजून घ्याव्यात. व्यवहारात याचा अर्थ असा: पैसे, नोकरी, शाळेतील प्रवेश वा औषधोपचार यांची विश्वासाशी सांगड घालू नये. हाताखालच्या माणसाला किंवा पालकांच्या संमतीवाचून लहान मुलांना उपदेश करू नये. बरे होण्याची हमी देऊ नये आणि कोणाच्या दैवताची निंदा करू नये. अनोळखी लोकांच्या हातात पत्रके कोंबण्याला मी धैर्य म्हणत नाही. जमाव आक्रमक झाला तर वाद न घालता निघून जावे आणि पाळकांना व वकिलाला लगेच कळवावे.

कोणी ‘हा विषय नको’ म्हणाला तर तेथेच थांबावे, आणि त्याच्याशी असलेली मैत्री पूर्वीसारखीच ठेवावी. पुढच्या भेटीत तोच विषय आडून काढू नये. उलट कोणी आणखी विचारू लागला, तर सबंध बायबल हाती न देता मार्काचे शुभवर्तमान द्यावे, कारण ते चारांत सर्वांत लहान आहे. त्याने वाचल्यावर त्याला काय खटकले ते विचारावे. आपल्याला काय आवडते ते सांगण्याची पाळी त्यानंतरची, आणि पाळकांशी गाठ घालून देणे त्याने स्वतः तशी इच्छा दाखवली तरच.