आधी दार मोजा, मग स्मार्ट लॉक घ्या

स्मार्ट लॉक चालत नाही म्हणून जो ओरडा होतो, त्यात बहुतेकदा कुलपाचा दोष नसतो. दार फुगलेलं असतं, बिजागरी खाली बसलेली असते, नाहीतर बसवताना वायर चिमटलेली असते. म्हणून किती फिंगरप्रिंट मावतात आणि ॲपमध्ये काय काय दिसतं हे नंतर बघा, आधी टेप घेऊन दारापाशी जा.

पहिलं माप जाडीचं. बडोद्यातल्या गोत्री-मांजलपूरकडच्या फ्लॅटमधलं सपाट फ्लश दार साधारण 30 ते 35 मिमीचं असतं. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या घरांची सागवानी दारं 40 मिमीपासून पुढे सुरू होतात. कुलपाच्या खोक्यावर दाराची किमान आणि कमाल जाडी छापलेली असते, ती दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. 32 मिमीच्या दारात 20 मिमी जाडीची मॉर्टिस पेटी (कडेत खोदून बसवायची कुलपाची पेटी) बसवली तर दोन्ही बाजूंना जेमतेम 6-6 मिमी लाकूड उरतं. तिथेच दार कमजोर होतं आणि जोराचा धक्का बसला की तडकतं.

मग दाराच्या उभ्या पट्टीची रुंदी मोजा. जुन्या दाराला मधे खोलगट पॅनेल आणि भोवती नक्षीची किनार असते. कुलपाची बाहेरची पाटी 70-80 मिमी रुंद असेल आणि सपाट पट्टी 65 मिमीच असेल, तर पाटीची एक कड नक्षीवर चढते, कुलूप तिरकं बसतं आणि फटीतून पावसाचं पाणी आत जातं.

बाहेर जाळीचं दार असेल तर दोन दारांमधलं अंतर सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच मोजायचं राहून जातं. हँडल दाराच्या बाहेर सहा-सात सेंटिमीटर येतं. जाळी पाच सेंटिमीटरवर असेल तर ती बंदच होणार नाही. अशा ठिकाणी बाहेर फक्त चपटा कीपॅड असलेलं, बिनहँडलचं कुलूप घ्यावं.

शेवटी दार आणि चौकट यांच्यातली फट. जुनी एटीएम कार्डं इथे कामाला येतात. एका कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर, म्हणजे चार कार्डं एकत्र सहज सरकली तर फट 3 मिमी आहे. वरपासून खालपर्यंत सरकवून बघा. वर कार्डं जातात आणि खाली अडकतात, असं असेल तर दार कललंय. आधी बिजागरीचे स्क्रू बदला, कुलूप नंतर.

आता कुलपाचा प्रकार. मॉर्टिस दाराच्या कडेत खोदून बसतं, रिम दाराच्या आतल्या अंगावर पेटीसारखं बसतं. एका झडपेच्या जाड दाराला मॉर्टिस उत्तम. पण वाड्यातल्या दोन झडपांच्या दाराला, आमच्या मते, रिमच लावावं. खोदकाम कमी होतं आणि शंभर वर्षांचा साग वाचतो. अट एकच: जी झडप एरवी बंद राहते तिला वर आणि खाली जाड खिट्टी हवी, आणि खालची खिट्टी दगडी उंबरठ्यातल्या भोकात पूर्ण उतरायला हवी. ती ढिली असेल तर महागडं कुलूप लावूनही दोन्ही झडपा एका धक्क्यात उघडतात.

तीन गोष्टींवर तडजोड नको: साधी किल्ली लागण्याची सोय, सहज मिळणारे एए सेल, आणि सेल संपल्यावर बाहेरून वीज देण्याची जागा. ही जागा काही कुलपांना 9 व्होल्टच्या चौकोनी सेलसाठी असते, काहींना यूएसबीची. कॅमेरा, चेहरा ओळखणं वगैरे हौसेचा मामला आहे. वायफायचं कुलूप घेतलंत तर लक्षात ठेवा, बहुतेक कुलपांना 2.4 गिगाहर्ट्झचंच नेटवर्क चालतं. शिवाय वायफाय सतत जागं राहतं, त्यामुळे सेल ब्लूटूथपेक्षा लवकर संपतात. लाइट गेली तरी कुलूप सेलवर चालू राहतं, पण राउटर बंद पडला की लांबून ॲपने दार उघडता येत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा शहराच्या बऱ्याच भागांत वीज नव्हती. असे दिवस धरूनच सोय करायची.

बसवायला टेप, पेन्सिल, ड्रिल, होल सॉ (मोठं गोल भोक पाडणारी करवत), पटाशी, कानस आणि हाताने फिरवायचा स्क्रू-ड्रायव्हर एवढं पुरतं. मॉर्टिस पहिल्यांदाच खोदत असाल तर तेवढं काम सुताराकडून करून घ्या आणि बाकीचं स्वतः करा. हँडलचा मध्य फरशीपासून 1000 ते 1050 मिमीवर घ्या. जुन्या कुलपाची भोकं तिथेच येत असतील तर सागाचे ठोकळे फेव्हिकॉल लावून ठोका आणि एक दिवस वाळू द्या. अर्धं जुनं, अर्धं नवं अशा भोकात स्क्रू कधीच धरत नाही.

कुलपासोबत आलेला कागदी साचा चिकटवा, 3 मिमीच्या बिटने आरपार खुणेची भोकं पाडा, मग मोठं भोक दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा. एकाच बाजूने आरपार गेलात तर दुसऱ्या बाजूचा सनमायका किंवा व्हिनिअर फुटतं. पेटीसाठी कडेच्या मध्यरेषेवर ओळीने भोकं पाडा आणि मधलं लाकूड पटाशीने काढा. पेटी हाताच्या दाबाने आत गेली पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेली पेटी पिळली जाते आणि जीभ (दार लोटलं की चौकटीत अडकणारा उताराचा तुकडा) आत अडकून राहते. खोदलेल्या कोऱ्या लाकडाला पॉलिशचे दोन हात मारा. हे कोणी करत नाही, आणि मग पावसाळ्यात दार नेमकं तिथेच ओल पिऊन फुगतं.

जिभेचा उतार दार ज्या बाजूला बंद होतं तिकडे हवा. उलटा असेल तर बहुतेक पेट्यांत तो फिरवता येतो. हँडलला पेटीशी जोडणारा चौकोनी दांडा दाराच्या जाडीप्रमाणे कापावा लागतो. लांब राहिला तर आतल्या भागाला दाबतो आणि हँडल परत वर येत नाही, आखूड झाला तर हँडल नुसतंच फिरतं. बाहेरच्या भागाची वायर भोकातून आत घ्या, कनेक्टर टक् होईपर्यंत दाबा आणि उरलेली वायर खाचेत घडी करून ठेवा. स्क्रू जिथून जातो तिथे वायर येता कामा नये. नवं कुलूप पहिल्याच दिवशी मेलं तर आधी हेच तपासा. स्क्रू आलटून-पालटून आणि हातानेच आवळा, ड्रिल लावू नका.

यानंतर दार उघडं ठेवूनच दहा वेळा चालवून बघा: बोटाने, कोडने आणि किल्लीने. किल्ली लागते याची खात्री झाल्याशिवाय दार लोटू नका.

चौकटीवर खाच कुठे करायची? बोल्टच्या, म्हणजे कुलूप लागताना बाहेर येणाऱ्या दांड्याच्या, टोकाला तेलात कालवलेलं कुंकू लावा, दार बंद करून बोल्ट बाहेर काढा आणि परत आत घ्या. चौकटीवर लाल ठसा उमटेल, तेच खरं माप. बोल्ट 20 मिमी बाहेर येत असेल तर खाच 25 मिमी खोल करा, आणि वर-खाली 2 मिमी जास्त ठेवा, कारण जुलैत दार मार्चइतकं सरळ राहत नाही. खाचेवर बसणाऱ्या धातूच्या पट्टीला 50 मिमीचे स्क्रू लावा. खोक्यातले आखूड स्क्रू चौकटीच्या वरच्या थरातच राहतात. बोल्ट जाताना मोटर कुरकुरली तर तो घासतोय असं समजा. तसाच सोडलात तर सेल महिनाभरात संपतील आणि दोष कंपनीच्या माथी जाईल.

कारखान्याचा कोड पहिल्याच मिनिटाला बदला. प्रत्येकाची दोन बोटं नोंदवा, दोन्ही हातांची एकेक. ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात अशा आजी-आजोबांना कुलपाला टेकवायचं कार्ड द्या, रोज दारात चारदा बोट घासायला लावू नका. कामवाल्या ताईंसाठी वेळेचं बंधन असलेला वेगळा कोड ठेवा. आपोआप कुलूप लागण्याची सोय घरात सगळ्यांना सवय होईपर्यंत बंदच बरी, नाहीतर कचरा टाकायला गेलेला माणूस बाहेर आणि फोन आत.

सेल अल्कलाइन घ्या आणि चारही एकाच वेळी बदला. चार्ज होणारे एए सेल 1.2 व्होल्टचे असतात. चार मिळून 4.8 व्होल्ट होतात, तर साधे चार मिळून 6. त्यामुळे पूर्ण चार्ज असूनही कुलूप सेल संपल्याचा इशारा देत राहतं. गणपतीच्या आधी आणि होळीला, असे वर्षातून दोनदा बदलायचे ठरवा, म्हणजे विसर पडत नाही.

आणि किल्ली. ती घरातल्या कपाटात ठेवली तर तिचा काही उपयोग नाही. एक नातेवाइकांकडे, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. महिन्यातून एकदा ती लावून फिरवा. अडखळली तर ग्रॅफाइटची चिमूटभर पूड घाला. खोबरेल घालाल तर धूळ चिकटून आठवड्यात ती आणखी जड फिरेल.