गिगला, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमात, टी-शर्ट आणि कॅसेट विकताना
स्वतंत्र बँडने पहिल्याच फटक्यात शंभर टी-शर्ट छापून घेऊ नयेत. आधी इन्स्टाग्रामवर साइझसकट ऑर्डर आणि पैसे घ्या, मग छापा. वर थोडे एम आणि एल जास्तीचे. टेबल बाहेर पडायच्या दाराजवळ मांडा, किमती लांबून वाचता येतील अशा लिहा. यूपीआयचा क्यूआर कोड हवाच, पण तळघरातल्या हॉलमध्ये रेंज गेली की सुट्टे पैसेच कामी येतात. कॅसेट हौसेने घेणाऱ्या कितीजणांकडे प्लेअर असतो? म्हणून आत गाणी डाउनलोड करायच्या कोडची चिठ्ठी घाला. बँडकॅम्प या संगीत विकायच्या वेबसाइटवर असे कोड काढता येतात. व्हिनाइल रेकॉर्ड मात्र उन्हातल्या गाडीत ठेवू नका, वाकतात. त्या उभ्याच रचा, एकावर एक नको.