पत्र्याचं नरसाळं घरीच कसं करावं

बाजारात प्लास्टिकचं नरसाळं स्वस्त मिळतं, पण ट्रॅक्टरच्या टाकीपाशी उन्हात पडून दोन उन्हाळ्यांत त्याला तडे जातात. पत्र्याचं नरसाळं वर्षानुवर्षं टिकतं आणि ते करताना शंकू कसा वळवायचा हे हाताला कळतं. एकदा ते कळलं की गुऱ्हाळाच्या चिमणीवरची टोपी काय, धान्याच्या कोठीचं निमुळतं तोंड काय, सगळं एकाच घराण्यातलं. आमच्या सांगली भागात पडवीत व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरायचा शेगडा, ठोकून बसलेले हौशी कारागीर बरेच आहेत. जवळच किर्लोस्करवाडी १९१० पासून लोखंडाचं काम करते, तेव्हा लोकांच्या हाताला ही खाज असणारच.

आधी पत्रा निवडू. जस्ती पत्रा, सव्वीस गेज, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाड. चोवीस गेजचा जाड पत्रा हाताने वळवताना घाम काढतो आणि अठ्ठावीसच्या पातळ पत्र्याचं नरसाळं चेपतं. हे नरसाळं डिझेल, रॉकेल, पाणी यांच्यासाठी आहे. खायचं तेल किंवा हळद ओतायची असेल तर ते नको. डाखामध्ये म्हणजे सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं. दुसरी सूचना खास द्राक्षवाल्यांना. तासगावकडच्या माझ्या भाच्याने माझंच नरसाळं मोरचुदाचं पाणी ओतायला वापरलं. मोरचुदातलं तांबं जस्तावर लालसर थर होऊन बसलं, जस्त विरघळलं आणि पुढच्या छाटणीला नरसाळं गंजून चाळणी झालं. बोर्डोसाठी, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीसाठी, प्लास्टिकच बरं.

आता मापं. वरच्या तोंडाची त्रिज्या ९ सेंटिमीटर आणि शंकूची पूर्ण उंची १२ सेंटिमीटर धरा. तिरकी बाजू बरोबर १५ येते, कारण ३-४-५ चा काटकोन त्रिकोण शाळेतून आपल्या ओळखीचा आहे. शंकू उलगडला की १५ त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा मिळतो आणि त्याचा कोन ३६० × ९ ÷ १५, म्हणजे २१६ अंश. खाली ३ सेंटिमीटर व्यासाचं भोक हवं म्हणून त्याच केंद्रातून २.५ सेंटिमीटर त्रिज्येचा आतला कंस काढायचा. एवढंच गणित आहे.

कोनमापकाने २१६ अंश मोजू नका, लांबवर चूक वाढत जाते. १५ सेंटिमीटरच्या कंसावर एक खूण करा आणि तिथून सरळ रेषेत २८.५ सेंटिमीटरवर दुसरी. दोन्ही खुणा केंद्राला जोडा. मोठा भाग आपला शंकू, लहान भाग टाकाऊ. खात्रीसाठी मोठ्या कंसावर दोरा लावून मोजा, साडेछप्पन्न सेंटिमीटर भरला पाहिजे. तेवढाच वरच्या तोंडाचा परीघ आहे.

यात दोन वाढी जोडायच्या. तोंडाच्या काठात ३ मिलिमीटरची तार गुंडाळायची आहे आणि तिला तारेच्या जाडीच्या अडीच पट पत्रा लागतो. म्हणून बाहेरचा कंस १५ ऐवजी १५.७५ चा. दुसरी वाढ सांध्याची: एका सरळ कडेला १० मिलिमीटरची पट्टी. ही पट्टी कडेला समांतर असावी, केंद्राकडे निमुळती नव्हे. तारेच्या कोपऱ्यात पट्टी थोडी कापून टाका, नाहीतर तिथे दुहेरी पत्रा येऊन तार बसत नाही. सगळं मिळून ३३ बाय २३ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो.

हे सगळं आधी जाड कागदावर करा, कापा, वळवा, चिकटपट्टीने जोडा. कागदी नरसाळं टाकीच्या तोंडात घालून पाहा. पत्रा महाग आणि बोटंही.

पत्र्यावर कापायच्या रेषा टोकदार सुईने ओढा. कापताना कातर कधीही टोकापर्यंत पूर्ण मिटू नका. प्रत्येक मिटण्याला काठावर बारीक खाच पडते आणि तीच पुढे फाटते. पाऊण मिटा, पुढे सरका. आतला लहान कंस उघड्या बाजूने कापता येतो. मग काठांवर कानस फिरवा. हातमोजे घाला, ताज्या कापलेल्या पत्र्याचा काठ विळीच्या वरचा असतो.

वळवण्यापूर्वी केंद्राकडून काठाकडे जाणाऱ्या रेषा ओढा, दर दहा-बारा अंशांवर एक, पण पेन्सिलीने किंवा मार्करने. सुईने ओढल्या तर जस्त खरवडतं आणि घडी तिथेच पडते. या रेषाच खरं काम करतात. नवशिका पत्रा नळीवर सरळ गुंडाळायला जातो आणि मग शंकूऐवजी वाकडी नळी हातात येते. वीसएक मिलिमीटर जाडीची गोल सळई व्हाइसमध्ये आडवी धरा. पत्र्याची रेषा सळईशी जुळवा आणि तळव्याने दाबा. पुढची रेषा, पुन्हा दाबा. निमुळत्या टोकाला जास्त दाब, रुंद टोकाला फक्त कल. दोन्ही सरळ कडांपासून सुरुवात करून मध्याकडे या, कारण शेवटी कडाच सपाट राहून जातात. पहिल्या फेरीत फारसं काही दिसणार नाही. तीन-चार फेऱ्या लागतात. पत्रा मागे उसळतो म्हणून हव्या त्यापेक्षा थोडं जास्तच वळवा. लोखंडी हातोडी दूर ठेवा, तिने पत्रा ताणतो आणि फुगवटे येतात. लाकडी हातोडीने हलकेच गोलाई साफ करा.

कडा एकमेकींवर आल्या की पकडीने धरा, अडीच-अडीच सेंटिमीटरवर भोकं पाडून रिबेट मारा. तार घालण्याआधी काठ बाहेरच्या बाजूला तीन फेऱ्यांत दुमडा, एका झटक्यात नाही. द्राक्षाच्या मांडवाची उरलेली तार चालते. तिचा जोड सांध्यापासून दूर ठेवा.

नळीही शंकूच, पण लांबट: बाहेरचा कंस २४, आतला १६ सेंटिमीटरचा, कोन साडेबावीस अंश. काटकोनी कागद दोनदा दुमडला की हा कोन आपोआप मिळतो. ८ मिलिमीटर सांध्याला सोडा, १६ मिलिमीटरच्या सळईवर वळवा. रुंद तोंड दोन मिलिमीटर बाहेर फाकवा आणि शंकूचं टोक आत बसवा, म्हणजे द्रव सांध्यावर न अडता खाली जातो.

डाख देताना इलेक्ट्रॉनिक्सचं पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, पत्रा उष्णता खेचून नेतो. शंभर वॅटचं तरी घ्या. सांधा घासून झिंक क्लोराइडचा द्रव लावा, आधी पत्रा तापवा, मग डाख टेकवा. तो स्वतःच सांध्यात ओढला जातो. वेल्डिंग करू नका, तेवढ्या आचेत जस्ताचा धूर निघतो आणि रात्री थंडी-ताप आणतो. काम झालं की सोड्याच्या पाण्याने धुवा, राहिलेला द्रव गंज आणतो.

शेवटी नळीच्या बाहेरून एक बारीक तार उभी डाखा. तिच्यामुळे डब्याच्या तोंडात फट राहते, हवा निघते, आणि डिझेल गुडगुड करून अंगावर उडत नाही. नळीला बोट लावून पाणी भरा. जिथे थेंब दिसेल तिथे खूण करून पुन्हा डाख द्या. पाणी पूर्ण वाळल्याशिवाय डिझेल ओतू नका.