उद्याचा फुटबॉलपटू निवडताना या चुका टाळा

बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या ट्रायलला उभे राहिलात की पहिल्या दहा मिनिटांत एक मुलगा डोळ्यांत भरतोच. उजव्या बाजूने चेंडू लांब ढकलतो, धावत बचावपटूला मागे टाकतो, गोल मारतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच, आणि तिसऱ्यांदाही तेच. निवड करणारे सगळे आपापल्या वहीत एकच नंबर लिहून मोकळे होतात.

आता त्याच्याकडे जरा नीट बघा. मिसरूड फुटलंय, आवाज बदललाय, समोरच्या पोरापेक्षा तो वीतभर उंच आहे. चेंडू येण्याआधी त्याने एकदाही मान वळवून मागे पाहिलेलं नाही. डावा पाय फक्त धावण्यापुरता. पास देतो तो दुसरा इलाज उरला नाही तरच. मुलगा वाईट नाही, पण रविवारचा सामना जिंकून देणारा मुलगा आणि सहा-आठ वर्षांनी वरच्या पातळीवर टिकेल असा मुलगा या दोन वेगळ्या निवडी आहेत. खालच्या बहुतेक चुका या दोघांची गल्लत केल्यामुळे होतात.

जन्माचा महिना न बघता यादी अंतिम करणे

तुमच्या निवडलेल्या संघाची यादी घ्या आणि जन्मतारखांची चार तिमाहींत विभागणी करा. वयोगट १ जानेवारीपासून मोजत असाल तर जानेवारी-मार्चचे किती, ऑक्टोबर-डिसेंबरचे किती? पहिला आकडा दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट निघाला तर गुणवत्ता जानेवारीत जास्त जन्मते असं मानायचं कारण नाही. एकाच वयोगटात जवळजवळ वर्षाने मोठी असलेली मुलं तुम्ही उचलली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली आइस हॉकीत हे दाखवलं आणि पुढे फुटबॉलमध्येही ते जगभर दिसलं.

हे ऋतूमुळे होत असेल अशी शंका येणाऱ्यांसाठी बेल्जियमचं उदाहरण पुरेसं आहे. तिथे १९९७ साली वयोगटाची तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली गेली. काही काळातच युवा संघांतलं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांचं वर्चस्व ओसरलं आणि वर्षाच्या सुरुवातीचे महिने वर आले. बदलली होती ती फक्त तारीख. इंग्लंडमध्ये वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, म्हणून तिथे सप्टेंबरची मुलं जास्त दिसतात.

स्काउटच्या, म्हणजे गुणी खेळाडू हेरणाऱ्याच्या, हातात जन्मतारखांचा तक्ता दिला की काम झालं असं वाटतं, पण होत नाही. सामना सुरू झाला की कागद खिशात जातो आणि डोळे आपल्या सवयीने मोठ्या मुलामागे धावतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात वेगळी युक्ती करून पाहिली होती. खेळाडूंना वयाच्या क्रमाने जर्सीचे नंबर दिले आणि तो क्रम स्काउटना सांगितला. पाठीवरच्या नंबरावरून कोण मोठा, कोण लहान हे खेळ चालू असतानाच कळत राहिलं आणि निवडीतला महिन्यांचा कल नाहीसा झाला. याला खर्च शून्य आहे. पुढच्या ट्रायलला बिब (जर्सीवरून घालायच्या नंबरच्या बंड्या) वाटताना एवढं तरी कराच.

शरीराची वाढ आणि खेळातली चमक एकच समजणे

ही चूक जन्ममहिन्याच्या चुकीची सख्खी बहीण वाटते, पण दोन्ही वेगळ्या आहेत. एकाच आठवड्यात जन्मलेल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांच्या शारीरिक वयात तीन-चार वर्षांचा फरक असू शकतो. डिसेंबरमध्ये जन्मलेला पण लवकर वाढलेला मुलगा जानेवारीत जन्मलेल्या पण उशिरा वाढणाऱ्याला सहज खांद्याने बाजूला सारतो. त्यामुळे जन्मतारखेने सगळं कळत नाही, उंची वाढण्याचा वेग पाहावा लागतो.

मुलांमध्ये उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास, मुलींमध्ये १२ च्या सुमारास. या काळात वर्षाला ८ ते १० सेंटिमीटरची वाढ नवलाची नाही. हा टप्पा आला की नाही याचा अंदाज उंची, बैठी उंची (बसल्यावरची डोक्यापर्यंतची उंची), वजन आणि वय यांवरून बांधता येतो. दुसरी पद्धत खामिस-रोश यांची, १९९४ सालची. तिच्यात मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची घेऊन प्रौढपणीची उंची काढतात आणि आज त्याच्या किती टक्के गाठली आहे ते बघतात. क्ष-किरणांची गरज नाही. मात्र दोन्ही अंदाजच आहेत आणि खूप लवकर किंवा खूप उशिरा वाढणाऱ्यांच्या बाबतीत ते जास्त चुकतात. एकदा मोजून ठपका ठेवू नका. दर तीन-चार महिन्यांनी त्याच माणसाने, त्याच पद्धतीने मोजा आणि आईवडिलांची उंची प्रत्यक्ष मोजून घ्या. बाप स्वतःची उंची सांगताना दोन-तीन सेंटिमीटर वाढवतोच!

याच टक्केवारीवरून गट पाडून सामने खेळवण्याच्या पद्धतीला बायो-बँडिंग म्हणतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१५ च्या सुमारास तिचे प्रयोग केले, त्यात प्रौढ उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांमधली मुलं एकत्र खेळवली होती. लवकर वाढलेल्या मुलाला अचानक आपल्याइतक्याच ताकदीच्या मुलांशी गाठ पडते आणि डोकं चालवावं लागतं. उशिरा वाढणाऱ्याला पहिल्यांदाच चेंडू पायाशी ठेवायला वेळ मिळतो. महिन्यातून एखादा सामना असा घेतलात तरी वहीतल्या बऱ्याच नोंदी बदलतील. रोजचा सराव मात्र वयोगटातच राहू द्या.

आणखी एक. गेल्या वर्षी झकास खेळणारा मुलगा यंदा अडखळतोय, फर्स्ट टच (आलेल्या चेंडूला लागणारा पहिला स्पर्श) लांब जातोय, गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतंय म्हणतोय, तर त्याच्या नावापुढे ‘घसरला’ लिहिण्याआधी उंचीचा तक्ता उघडा. पाय लांब झालेत आणि ताबा अजून जुन्या पायांचा आहे. अशा मुलाला या काळात संघातून काढणं म्हणजे उंची वाढल्याची शिक्षा देणं. सरावाचा भार कमी करा, दुखणं डॉक्टरांना दाखवा, निर्णय पुढे ढकला.

लहानखुऱ्यांची बाजू घेताना उलट टोकाला जाणारेही असतात. पुढे इंग्लंडकडून खेळलेल्या जेमी व्हार्डीला शेफिल्ड वेन्सडे या क्लबने १६ व्या वर्षी अंगाने लहान म्हणून सोडलं, पुढे फ्रान्सकडून विश्वचषक जिंकलेल्या ग्रीझमानला फ्रान्सच्या अनेक क्लबांनी नाकारलं आणि शेवटी तो स्पेनच्या रियाल सोसिएदादमध्ये वाढला, हे खरंच आहे. मेस्सीचं नाव तर प्रत्येक पालकाच्या तोंडी असतं. पण लहान असूनही कधीच पुढे न आलेल्या हजारो मुलांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. अंगाने लहान असणं हा गुण नाही. लहान असूनही तो मोठ्यांमध्ये मार्ग कसा काढतो, तेवढंच बघायचं.

एका ट्रायलवर निकाल लावणे

अकरा विरुद्ध अकरा, मोठं मैदान, वीस मिनिटं, एकमेकांना न ओळखणारी पोरं. अशा खेळात डाव्या बचावपटूला चार वेळा चेंडू मिळतो, त्यातले दोन थ्रो-इन. त्यावरून काय ठरवणार? चार विरुद्ध चार, छोटं मैदान, संघ दर सात-आठ मिनिटांनी बदलते ठेवा. प्रत्येकाला भरपूर चेंडू मिळतो, हल्ला आणि बचाव दोन्ही करावे लागतात आणि संघ कोणताही असला तरी जिंकणाऱ्या बाजूला सारखा कोण सापडतो तेही दिसतं.

शक्य असेल तर मुलाला तीन वेगळ्या परिस्थितींत पाहा: संघ हरत असताना, नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडे खेळताना आणि त्याच्यापेक्षा सरस खेळाडूंमध्ये. हरतानाचा सामना सर्वांत जास्त सांगून जातो. चेंडू गेल्यावर पहिले तीन सेकंद तो काय करतो? हात उडवतो, सोबत्यावर ओरडतो, की मागे धावतो?

स्टॉपवॉचला शेवटचा शब्द देणे

३० मीटर धाव, उडी, शटल रन (दोन खुणांमधली ये-जा धाव) यांचे आकडे नीटनेटके दिसतात, म्हणून समितीत त्यांचं वजन वाढतं. पण १३ व्या वर्षीचा वेग बराचसा वाढीच्या टप्प्यावर अवलंबून असतो, आणि मग वाढीला चमक समजण्याची चूक आपण शास्त्रीय तक्त्यात घालून पुन्हा करतो. चाचण्या घ्या, फक्त तुलना त्याच मुलाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी करा.

काय बघायचं ते आधी न ठरवणे

तीन स्काउट एकाच सामन्याहून तीन वेगळी नावं घेऊन येतात आणि वाद सुरू होतो. तिघेही तीन वेगळ्या गोष्टी बघत होते. नेदरलँड्समधल्या आयाक्स क्लबची जुनी चौकट सोपी आहे: तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व, वेग. हीच घ्या असं नाही, पण चार-पाच निकष सामन्याआधी ठरवा, प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत आणि मग चर्चा करावी. नाहीतर समितीतल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने हाफटाइमला चहा घेताना उच्चारलेलं नाव सगळ्यांच्या वहीत उतरतं.

समज मोजायची कशी, हा नेहमीचा प्रश्न. एक साधी गोष्ट मोजता येते. मिडफिल्डरकडे (मधल्या फळीतल्या खेळाडूकडे) चेंडू येण्याआधीच्या काही सेकंदांत तो किती वेळा खांद्यावरून मागे बघतो? नॉर्वेचे संशोधक गायर यॉर्डेट यांनी या सवयीवर बरंच काम केलंय. वरच्या पातळीवरचे मिडफिल्डर सतत मान फिरवत असतात. पाच मिनिटं चेंडूकडे न बघता फक्त त्या एका मुलाच्या डोक्याकडे बघा. गोलरक्षकाच्या बाबतीत चेंडू लांब असताना त्याचे पाय बघा. उंचीवर बाराव्या वर्षी निर्णय घेऊच नका.

कागदावरचं वय गृहीत धरणे

वय चोरण्याचा प्रश्न अनेक देशांत आहे. फिफाने २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाच्या एमआरआयचा वापर सुरू केला. त्यातून नेमकं वय कळत नाही, हाडाची वाढ पूर्ण झाली आहे का ते कळतं. शिवाय तो १७ वर्षांखालच्या गटासाठीचा उपाय आहे, बारा वर्षांच्या मुलांना लागू करू नका. तिथे जन्मानंतर लगेच झालेली नोंद, शाळेत पहिल्या प्रवेशाची नोंद आणि आधीच्या स्पर्धांमधली नोंदणी ताडून बघा. आणि अंगाने मोठा दिसतो एवढ्यावरून कोणावर संशय घेऊ नका. लवकर वाढलेला मुलगाही प्रामाणिकच असतो.

नाकारलेल्यांची यादी फाडून टाकणे

पुढे इंग्लंडचा आघाडीचा गोलवीर ठरलेल्या हॅरी केनला आर्सेनल क्लबने लहानपणी एका हंगामानंतर सोडलं होतं. नाकारणं चुकू शकतं हे धरूनच व्यवस्था उभारा. काठावर राहिलेल्या मुलांची वेगळी यादी ठेवा, त्यांना बोलवायची पुढची तारीख त्याच दिवशी ठरवा आणि त्या वेळी शक्यतो पहिल्यांदा न पाहिलेला प्रशिक्षक नेमा. पहिल्या खेपेला नकार देणाऱ्याला आपलं मत खरं ठरलेलं बघायला आवडतं. मुलाला निकाल सांगाल तो समोर बसवून, आईवडिलांसोबत, काय चांगलं दिसलं आणि कशावर काम करायचं ते स्पष्ट सांगून. नोटीस बोर्डवर नावं लावून किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकून हे काम उरकू नका.